मापात पाप नको : टाळेबंदीतील परीक्षा आणि वाढलेले गुण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

परीक्षा म्हणजे कसोटी. सोन्याचा कस पाहायचा असला म्हणजे सोनार ते एका काळ्या दगडावर घासतो. दगडावर उमटलेल्या रेघेवरून सोने किती चोख आणि त्यात हीण किती, हे त्याला कळते. त्या दगडालाच कसोटी म्हणतात. कसोटीमुळे सोन्याचा कस वाढत नाही आणि घटतही नाही. तो फक्त कळतो. शाळेतील परीक्षेचे कामही एवढेच आहे. विद्यार्थ्याला काय येते आणि काय येत नाही, हे त्याला स्वतःला, त्याच्या शिक्षकांना, आईवडिलांना आणि पुढे बाहेरच्या जगाला कळावे, म्हणून परीक्षा घेतात.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ही कसोटी दगडावरून उचलून मोबाईलच्या पडद्यावर नेली गेली. त्या वेळी मी आठवीत होते. नववीचे वर्ष मोबाईलवरच गेले. दहावीची परीक्षा मात्र मार्च २०२२ मध्ये मी वर्गात, बाकावर बसून दिली. म्हणजे घरातील परीक्षा आणि वर्गातील परीक्षा ह्या दोन्ही पाहिलेल्या तुकडीतली मी आहे. आम्हांला आणि आमच्या एक-दोन वर्षे पुढे असलेल्या मुलामुलींना गावात अजूनही 'कोरोना पास' म्हणतात. पारावर कोणी म्हटले तर ती थट्टा असते; पण उद्या नोकरीच्या मुलाखतीत कोणी तसेच म्हटले तर ती थट्टा राहणार नाही. म्हणून त्या काळातील कॉपी आणि त्या काळात वाढलेले गुण ह्यांचा, कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता, विचार करावा असे मला वाटले.

काय घडले?

प्रथम घडलेल्या गोष्टी क्रमाने पाहू. टाळेबंदी आली तेव्हा दहावीची परीक्षा संपत आली होती. २३ मार्च २०२० रोजी होणारा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला व नंतर रद्द झाला, आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण देण्यात आले. नववी आणि अकरावीची द्वितीय सत्राची परीक्षाही त्या वर्षी झाली नाही. जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष 'ऑनलाइन' सुरू झाले. 'दीक्षा' ॲपवरचे पाठ, व्हॉट्सॲपवर येणारे 'स्वाध्याय'चे प्रश्न आणि शिक्षकांनी स्वतः चित्रित करून पाठविलेले तास ही आमची शाळा झाली. अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला.

एप्रिल २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट जोरात असताना दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. त्या जागी शंभर गुणांची एक नवी विभागणी आली. नववीच्या निकालावर ५० गुण, दहावीत वर्षभर शाळेने घेतलेल्या लेखी मूल्यमापनाचे ३० गुण, आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेचे २० गुण. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेतच सात जणांची निकाल समिती नेमायची आणि तिने निकाल तयार करून मंडळाकडे पाठवायचा, अशी ही योजना होती. बारावीसाठीही दहावी, अकरावी आणि बारावी ह्यांच्या गुणांना अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देण्यात आला.

योजना कागदावर वाईट नव्हती. प्रश्न असा होता की, ह्यातले जे गुण २०२०-२१ ह्या वर्षात मिळवायचे होते, ते कसे मिळवले गेले?

कॉपीची नवी तऱ्हा

कॉपी हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. बाहीत लपविलेल्या चिठ्ठ्या, खिडकीतून आत येणारे गोळे आणि शाळेच्या भिंतीवर चढलेले नातेवाईक ह्यांची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत येत आली आहेत. ह्यासाठी राज्यात १९८२ पासून स्वतंत्र कायदाही आहे. परंतु त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर परीक्षा केंद्र आहे. तेथे पर्यवेक्षक आहेत, भरारी पथक आहे, दारावर पोलीस आहे. परीक्षा जेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून द्यायची असते, तेव्हा पर्यवेक्षक कोण आणि भरारी पथक कोठून येणार?

घरच्या परीक्षेची साधारण पद्धत अशी असे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ठरल्या वेळी प्रश्नपत्रिकेचा फोटो येई. मुलांनी वहीच्या कागदावर उत्तरे लिहायची आणि त्या पानांचे फोटो शिक्षकांना पाठवायचे. कधी वीस-पंचवीस पर्यायी प्रश्नांचा 'गूगल फॉर्म' येई. शिक्षक असलेल्या गटाखेरीज मुलांचा आणखी एक गट असेच, आणि त्यात शिक्षक नसत. प्रश्नपत्रिका पहिल्या गटावर आली की दहा मिनिटांत दुसऱ्या गटावर उत्तरे येत. कोणी गाईडच्या पानाचा फोटो टाकी, कोणी सोडविलेल्या गणिताचा. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲपही निघाली होती. आमच्या बाई एकदा फोनवर हसून म्हणाल्या होत्या, "अगं, अकरा जणांच्या उत्तरात एकच चूक आहे, आणि ती गाईडमधली छपाईची चूक आहे."

ह्या सगळ्याला सरसकट 'कॉपी' म्हणावे काय, ह्याचा मी बराच विचार केला. मला तीन वेगवेगळे प्रकार दिसतात.

पहिला प्रकार उघड आहे. उत्तर येत नाही, शिकायचेही नाही, दुसऱ्याचे उतरवून द्यायचे. दुसरा प्रकार घरच्या मदतीचा. शिकलेल्या घरात वडील शेजारी बसून गणित समजावून सांगत, ताई निबंधाचा आराखडा करून देई. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे, कारण रोजचा अभ्यासही तसाच चालला होता. अभ्यास कोठे संपला आणि परीक्षा कोठे सुरू झाली, ही रेषाच पुसली गेली होती.

तिसरा प्रकार आमच्यासारख्या घरांतला आहे. आमच्या घरी स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. प्रश्नपत्रिका सकाळी अकरा वाजता येई आणि ती माझ्या हाती रात्री आठ वाजता पडे. मी पेपर लिहून रात्री साडेदहाला पाठवी. बाई तो स्वीकारीत. नियमाप्रमाणे पाहिले तर तो पेपर उशिराचा होता आणि उत्तरे तोवर सगळ्या गावात फिरलेली असत. मी ती पाहिली नव्हती हे मला ठाऊक आहे, पण ते सिद्ध करण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते आणि बाईंजवळही नव्हते. हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. 'असर'च्या २०२१ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. म्हणजे साथीच्या काळात पुष्कळांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. तरीही सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घरी तो नव्हताच, आणि ज्यांच्या घरी होता त्यांतल्याही सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. ह्या मुलांच्या बाबतीत प्रामाणिकपणा आणि अप्रामाणिकपणा हा प्रश्नच उद्भवत नाही. ती परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत. तरी त्यांनाही गुण मिळाले.

आकड्यांची साक्ष

आता निकालाकडे वळू. राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी अशी आहे : २०१८ मध्ये ८९.४१, २०१९ मध्ये ७७.१०, २०२० मध्ये ९५.३०, २०२१ मध्ये ९९.९५, २०२२ मध्ये ९६.९४ आणि २०२३ मध्ये ९३.८३. बारावीचा निकाल २०२० मध्ये ९०.६६ टक्के होता, तो २०२१ मध्ये ९९.६३ टक्के झाला आणि २०२३ मध्ये ९१.२५ टक्क्यांवर आला. २०२१ च्या दहावीत सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी होते. त्यांत अनुत्तीर्ण झाले ७५८. कोकण विभागाचा निकाल तर पूर्ण १०० टक्के लागला. शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०१९ मध्ये २० होते, २०२० मध्ये २४२ झाले आणि २०२१ मध्ये ९५७. ह्या शंभर टक्क्यांत कला-क्रीडेचे सवलतीचे गुणही धरलेले असतात, हे खरे. पण ते तिन्ही वर्षी होते.

हे आकडे वाचताना एक घाई टाळली पाहिजे. सगळी वाढ कोरोनामुळे झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. २०१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे शाळेच्या हातातले २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते. म्हणून तो निकाल एकदम खाली आला. ओरड झाल्यावर ते गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल वर गेला. त्या वर्षी भूगोल सोडून बाकीचे पेपर वर्गातच झाले होते. म्हणजे शाळेच्या हाती २० गुण असणे आणि नसणे एवढ्यानेही निकालात मोठा फरक पडतो. मग २०२१ मध्ये शाळेच्या हाती शंभरपैकी शंभर गुण आले. निकाल कोठे जाणार हे त्याच वेळी ठरून गेले होते.

गुण का वाढले?

शिक्षकांनी गुण वाटले, असे सहज म्हटले जाते. मला ते अर्धवट वाटते. त्या एप्रिल-मे महिन्यांची आठवण करून पाहा. गावोगाव माणसे जात होती. एखाद्या मुलाचे वडील पंधरा दिवसांपूर्वी गेलेले, एखाद्या मुलीचे घर विलगीकरणात. अशा मुलाच्या नावापुढे १२ लिहायचे की १८, हे कोणत्या शिक्षकाचा हात दयेशिवाय ठरवील? शिवाय शिक्षकांजवळ पुरावा कोणता होता? मोबाईलवर आलेले, अर्धे अंधारातले, वहीच्या पानांचे फोटो. त्यावरून कमी गुण देणे म्हणजे अन्याय होण्याचा धोका आणि जास्त देणे म्हणजे फक्त औदार्य. माणूस अशा वेळी औदार्याकडेच झुकतो.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. शेजारच्या शाळेने सढळ हाताने गुण दिले आणि आपण काटेकोर राहिलो, तर आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडणार, हे प्रत्येक शाळेला दिसत होते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भीतीने मूठ सैल सोडली. ह्यात कोणी एक दोषी नाही. आपल्याच मुलांचा न्याय करण्याचे काम आपल्याच शाळेकडे आले म्हणजे असेच होणार.

शासनालाही हे कळत होते. म्हणून अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी शंभर गुणांची सामायिक प्रवेश परीक्षा घेण्याचे ठरले होते. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला ती रद्द ठरविली. त्यामुळे प्रवेश झाले ते शाळांनी दिलेल्या गुणांवरच.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या उन्हाळ्यात 'ए लेव्हल'च्या परीक्षा रद्द झाल्या. तेथे शिक्षकांनी अंदाजाने श्रेणी दिल्या आणि त्या फार चढ्या होऊ नयेत म्हणून एका गणिती सूत्राने जवळजवळ ४० टक्के श्रेणी खाली आणल्या. हे सूत्र शाळेच्या मागील निकालांवर आधारलेले होते. त्यामुळे गरीब वस्तीतल्या शाळांमधल्या हुशार मुलांवर अन्याय झाला, अशी ओरड होऊन मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत ते सूत्र मागे घ्यावे लागले. पुढच्या वर्षी सर्व काही शिक्षकांवर सोपविले. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड मिळून वरच्या दोन श्रेणींचे प्रमाण २०१९ मध्ये २५.४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४४.८ टक्के झाले. मग दोन टप्प्यांत ते खाली आणण्याचे जाहीर करून २०२३ मध्ये ते २७.२ टक्क्यांवर आणले गेले. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. गुण फुगणे हा आपल्या शिक्षकांच्या स्वभावाचा दोष नव्हे; आणि केवळ सूत्र लावून वरून गुण कापणे हाही न्याय नव्हे.

तोटा कोणाचा?

पुष्कळ मित्रमैत्रिणी मला विचारतात, "गुण जास्त मिळाले, त्यात बिघडले कोणाचे? कोणाच्या खिशातून तर गेले नाहीत ना?" ह्या लेखात मला मुख्यतः ह्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढते, वडील वजन सांगतात, अडत्याचा दिवाणजी लिहून घेतो. काट्याची वेळोवेळी पडताळणी होऊन त्यावर शिक्का मारलेला असतो. वडील सातवीपर्यंत शिकले आहेत, पण एक गोष्ट ते नेहमी सांगतात : "काटा जास्त दाखवो नाहीतर कमी, बुडतो तो ज्याला दुसरा काटा बघायची सोय नाही तोच." मोठा व्यापारी आपला माल चार ठिकाणी तोलून पाहू शकतो. एका पोत्याच्या धन्याला तो एकच काटा असतो.

गुणपत्रिकेचे तसेच आहे. ज्या घरात आई, वडील, काका शिकलेले आहेत, तेथे मुलाला गणित येते की नाही हे गुणपत्रिका पाहण्याआधीच कळते. तेथे शिकवणी असते, सराव परीक्षा असतात, ओळखीचे प्राध्यापक असतात. आमच्या घरात मी महाविद्यालयात जाणारी पहिलीच. माझे उत्तर बरोबर की चूक हे सांगणारे घरात कोणी नाही. आई निकालाच्या दिवशी एकच विचारते, "किती टक्के पडले?" त्या एका आकड्यावर घर विश्वास ठेवते, कर्ज काढते, मुलीचे लग्न पुढे ढकलते. तोच आकडा खोटा निघाला तर आमच्याजवळ दुसरा काटा नाही.

ह्याचे उदाहरण माझ्या नात्यातच आहे. माझा मामेभाऊ २०२१ च्या दहावीचा. नववीत त्याला ६२ टक्के होते. दहावीत ७८ टक्के पडले. हिशेब सोपा आहे. नववीच्या ६२ चे ३१ झाले आणि दहावीच्या वर्षाच्या ५० पैकी ४७ शाळेने दिले. त्याने कोणाचे काही उतरवले नव्हते. त्याच्या वस्तीवर रेंजच नसे, त्यामुळे त्याने अर्ध्या परीक्षा दिल्याच नव्हत्या. शाळेने सर्वांना दिले तसे त्यालाही दिले. ७८ टक्के पाहून मामांना वाटले, पोरगा हुशार निघाला. त्यांनी एक म्हैस विकली आणि त्याला शहरात खोली करून विज्ञान शाखेला घातले. अकरावीतच त्याच्या ध्यानात आले की, बीजगणिताच्या साध्या पायऱ्याही आपल्याला येत नाहीत. पण ७८ टक्केवाल्या मुलाने हे घरी सांगायचे कसे? २०२३ च्या बारावीत त्याचे गणित आणि भौतिकशास्त्र राहिले. आज तो आयटीआय करून एका वर्कशॉपमध्ये आहे आणि हाताने चांगला कारागीर आहे. तो मला म्हणाला, "मला तेव्हाच कोणी सांगितलं असतं की तुझं गणित कच्चं आहे, तर दोन वर्षं आणि म्हैस, दोन्ही वाचलं असतं."

कोणाच्या खिशातून गेले, ह्याचे उत्तर हे आहे. ते मामांच्या गोठ्यातून गेले.

दुसरा तोटा खरोखर अभ्यास केलेल्यांचा. ज्या मुलीने दिव्याखाली बसून ९० टक्क्यांची योग्यता मिळवली होती, तिच्या रांगेत आणखी शंभर जण ९० टक्केवाले उभे राहिले. तिचे ९० खोटे नव्हते, पण ते खरे आहेत हे ओळखण्याची खूण गेली. 'कोरोना पास' हा शिक्का तिच्यावरही तितकाच बसला.

तिसरा तोटा सवयीचा. आमची तुकडी मार्च २०२२ मध्ये वर्गात बसली तेव्हा पुष्कळ सवलती होत्या. आपलीच शाळा हे केंद्र होते, अभ्यासक्रम ७५ टक्केच होता आणि ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा मिळत होता. तरीही पेपर पूर्ण करणे जड जाई. दोन वर्षे कोणी सलग तीन तास हाताने लिहिलेच नव्हते. जानेवारीपासून आमच्या मराठीच्या बाईंनी रोज एक पान न पाहता लिहून आणायला लावले होते. सुरुवातीला मुलांची बोटे आखडत, वाक्ये अर्ध्यावर तुटत. ज्यांनी ते पान नेमाने लिहिले त्यांना पेपर जमला. त्या जादा अर्ध्या तासापेक्षा आम्हांला ते रोजचे पान अधिक उपयोगी पडले, असे मी अनुभवाने सांगते.

'मग काय नापास करायचे होते?'

असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो योग्यही आहे. माझे स्पष्ट मत असे की, २०२१ मध्ये सर्वांना पुढच्या वर्गात घातले हे बरोबरच झाले. साथीत मुलांना परीक्षा केंद्रावर बोलावणे धोक्याचे होते, आणि फोन नाही म्हणून कोणाचे वर्ष बुडविणे हा अन्याय झाला असता. पुढच्या वर्गात घालणे ही दया होती आणि ती करायलाच हवी होती.

परंतु पुढे घालणे वेगळे आणि मोजणे वेगळे. ज्या वर्षी मोजता येत नव्हते, त्या वर्षी 'उत्तीर्ण' एवढेच लिहिता आले असते. त्याऐवजी ७८.२० किंवा ९१.४० असे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे लिहिले गेले. दशांश चिन्ह पाहिले की अडाणी माणसाला वाटते, केवढे काटेकोर मोजले आहे! दयेने दिलेली वस्तू आणि मोजून दिलेली वस्तू ह्या एकाच मापात ओतल्या गेल्या, हीच माझ्या मते खरी चूक आहे.

ह्यावरचा उपाय आपल्या देशात फार पूर्वी सांगितला गेला आहे. १९६४ साली नेमलेल्या आणि १९६६ साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने शाळांनी करावयाच्या अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला होता. पण ते गुण बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत न मिसळता प्रमाणपत्रावर वेगळे दाखवावेत, असेही सुचविले होते. २०२१ च्या गुणपत्रिकेवर नववीचे गुण एका रकान्यात, घरच्या परीक्षांचे दुसऱ्या रकान्यात असे वेगळे छापले असते, तर माझ्या मामांनाही दोन आकडे शेजारी शेजारी दिसले असते. ६२ आणि ९४. त्यांनी निदान कोणाला तरी विचारले असते की, हे असे कसे?

आज काय करता येईल?

शाळा उघडल्या, परीक्षा वर्गात होऊ लागल्या, म्हणून हा विषय जुना झाला असे मला वाटत नाही. दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला आहे. आपल्या महाविद्यालयातही नव्या शैक्षणिक धोरणानुसार अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत आणि गृहपाठ आपण घरीच लिहितो. आणि आता तर गाईडच्या पानाचा फोटोही काढावा लागत नाही. नोव्हेंबर २०२२ पासून 'चॅटजीपीटी'सारखी साधने आली आहेत. प्रश्न टाकला की उत्तर शुद्ध मराठीत लिहून मिळते. टाळेबंदीत दुसऱ्या गटावर जे दहा मिनिटांत येई, ते आता दहा सेकंदांत येते.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, घरून लिहून आणलेल्या प्रत्येक प्रकल्पावर त्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटे तोंडी बोलावे. ज्याने लिहिले आहे तो अडखळत का होईना, पण सांगू शकतो. ज्याने उतरवले आहे त्याला आपलेच शब्द परके वाटतात. दुसरे असे की, प्रश्न गाईडात न सापडणारे असावेत. 'सहकारी चळवळीचे फायदे लिहा' ह्याऐवजी 'तुमच्या गावच्या सोसायटीचे सभासद किती, कर्ज कोणाला मिळते, ते विचारून लिहा' असा प्रश्न असला, तर उतरवायला जागाच राहत नाही. तिसरे, शाळांमध्ये नववी-दहावीच्या निकालाबरोबर घरी एक साधा कागद जावा. त्यात आकडे नकोत. 'ह्याला अपूर्णांक येतात, बीजगणित कच्चे आहे. इंग्रजी वाचतो, लिहिता येत नाही' अशी चार वाक्ये पुरेत. माझ्या आईला ती कोणीही वाचून दाखवील.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्याला काय करता येईल? टाळेबंदीत मिळालेल्या गुणांची लाज बाळगायचे कारण नाही. ते आपण मागितले नव्हते. पण त्या दोन वर्षांत जे शिकायचे राहिले, ते कोणते हे आपल्याला प्रत्येकाला आतून ठाऊक आहे. कोणाचे इंग्रजीचे व्याकरण राहिले, कोणाचे टक्केवारीचे गणित, कोणाचे सलग चार पाने लिहिणे. गुणपत्रिकेवर ते कोठेही लिहिलेले नाही, म्हणून ते भरून काढायला कोणी सांगणारही नाही. ग्रंथालयात आठवी-नववीची पुस्तके मागायला संकोच वाटतो खरा. गेल्या वर्षी मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी ती मागितली. ग्रंथपालांनी काही न विचारता काढून दिली. नववीचे गणित आम्ही दिवाळीच्या सुटीत पहिल्या पानापासून सोडविले. त्याला कोणी गुण दिले नाहीत, पण आता बँकेच्या स्पर्धा परीक्षेचा पेपर समोर आला तर निम्मी गणिते सुटतात आणि निम्मी सुटत नाहीत, एवढे आम्हांला नक्की माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांसाठी ह्या उन्हाळ्यात पुन्हा बसायचे ठरले आहे. ज्या कोणाला यायचे असेल त्यांनी परीक्षा संपल्यावर ग्रंथालयात भेटावे.